मेहुण्याची १६ इंची अलॉय माझ्या स्विफ्टला बसतील का?

करवीरकर
मंडळी, नमस्कार.
गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१९ ची, ५१ हजार किमी. टायर १६५/८० आर १४, डिस्का लोखंडी, वर व्हीलकॅप. चारांतल्या दोन व्हीलकॅप गगनबावड्याच्या घाटात निसर्गाला अर्पण झाल्या. पुढचे दोन्ही टायर आता पार गोटा झालेत, त्यामुळे चारही बदलायचे आहेत.
इथवर सोपं होतं. पण मेहुण्याने त्याची गाडी विकली आणि विकताना बाहेरून बसवलेली १६ इंची अलॉय (मिश्रधातूची रिमं) टायरसकट काढून ठेवली. टायर १९५/५५ आर १६, नक्षी अजून निम्म्याहून जास्त आहे. "दाजी, फुकट घेऊन जा" म्हणतोय. त्यालाही चार नट, मलाही चारच. गल्लीतल्या टायरवाल्याने एक चाक चढवून दाखवलं, आरामात बसलं. तरी माझं मन होईना. बायको म्हणते, "माझ्या भावाची वस्तू म्हटली की तुम्हाला बरोबर शंका सुचतात."
तर बसवू का? अ‍ॅव्हरेज, खड्डे, घासणं, स्पीडोमीटर, जे काय असेल ते सांगा.

अतरंगी_पंक्चर
मेहुण्याने फुकट दिलेली वस्तू आजवर कुणाला स्वस्त पडली आहे?
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गणिताचे_सर
आधी आकडे. १६५/८० आर १४ म्हणजे टायरची रुंदी १६५ मिमी, साइडवॉलची (टायरच्या कडेच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंची म्हणजे ३५५.६ मिमी. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्याने हे रचलं त्याला माझ्या वर्गात पहिल्याच चाचणीत भोपळा मिळाला असता. असो.
चाकाची एकूण उंची = दोन साइडवॉल + रिम = २६४ + ३५५.६ = ६१९.६ मिमी.
मेहुण्याचं चाक: १९५ चे ५५ टक्के १०७.२५, त्याची दुप्पट २१४.५, अधिक ४०६.४ = ६२०.९ मिमी.
फरक जेमतेम ०.२ टक्के. म्हणजे स्पीडोमीटर, ओडोमीटर, गिअरिंग कशावरच परिणाम नाही. गाडीची उंचीही तीच राहणार. रिम दोन इंचांनी वाढलं तेवढी साइडवॉल खाली आली, प्लस साइझिंगचा अर्थच हा. तेच जर कुणी १६ इंची रिमवर १६५/८० चढवला असता तर चाक ६७० मिमीचं झालं असतं, ८ टक्के मोठं. काटा १०० वर असताना गाडी १०८ ने पळाली असती.
मला तरी हरकत दिसत नाही.

टायरोबा
सर, गणित बरोबर, पण अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलंत. उंची जुळली म्हणजे चाक बसलं असं नसतं. सांगलीत १८ वर्षं टायरच्या दुकानात काढली आहेत. 'उंची तीच आहे की' म्हणत आलेली गिऱ्हाईकं महिन्याभराने परत येताना पाहिली आहेत.
करवीरकर, रिम उलटं करा आणि मागच्या बाजूला काय कोरलंय ते वाचा. तीन गोष्टी बघायच्या.
पीसीडी: नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टचा ४ x १००. चाक आरामात बसलं म्हणता म्हणजे हे जुळतंय. फक्त चार नट असून भागत नाही, ४ x १०८ च्या गाड्याही असतात. तसलं रिम नट आवळून 'बसवणारे' महाभाग मी पाहिलेत.
मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर: स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या भागाचा, व्यास ५४.१ मिमी. बाहेरची अलॉय सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून हे भोक मोठं ठेवतात, बहुतेक वेळा ७३.१. मधली जागा भरायला रिंग घालावी लागते. ती नसेल तर चाक हबवर टेकत नाही, नुसत्या नटांवर लटकतं. नट आवळताना केसभर इकडेतिकडे झालं की ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरणार. मग माणूस बॅलन्सिंग करून करून कंटाळतो. चाक बॅलन्स असतंच, ते मधोमध बसलेलं नसतं.
तिसरी आणि सगळ्यात खट गोष्ट ऑफसेट. रिमवर 'ईटी' लिहून पुढे आकडा असतो. रिमच्या रुंदीच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, तो हा आकडा. ईटी कमी झाला की चाक गाडीच्या बाहेर सरकतं, वाढला की आत. 'जे'च्या अलीकडचा आकडा म्हणजे रिमची रुंदी इंचात.
तुमच्या दोन्ही रिमांचे आकडे टाका, मग बोलू. आणि जमलं तर दोन्ही चाकं एकेका हाताने उचलून बघा.

बिनधास्त_१७
वाचून वाचून माणूस गाडी चालवायचा विसरेल. माझी स्विफ्ट झेडएक्सआय (वरचं व्हेरिअंट), पुण्यात. तीन वर्षं १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टायरवर आहे. काही घासत नाही, काही थरथरत नाही. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. कंपनीच्या टायरवर ताम्हिणीत गाडी होडीसारखी कलायची. लावा बिनधास्त!

टायरोबा
बिनधास्तभाऊ, तुम्ही ईटी आणि रुंदी बघून घेतली असणार किंवा दुकानदार जाणता असणार. म्हणूनच तुमचं घासत नाही.

भटकभवानी
बिनधास्त, वळणावर भारी वाटतं हे खरंच. माझ्या आधीच्या गाडीलाही १७ इंची होती आणि मला ती मनापासून आवडायची. पण एक रात्र सांगते.
गणपतीला गावी निघालो होतो, मागे आई-बाबा आणि मांडीवर उकडीच्या पिठाचा डबा. संगमेश्वरच्या अलीकडे पावसात पाण्याने भरलेला एक खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज आला. गाडी चालत होती, हवा जात नव्हती, म्हणून तसेच पुढे गेलो. सकाळी घरापाशी बघते तर पुढच्या डाव्या टायरच्या कुशीला लिंबाएवढं टेंगूळ. पंक्चरवाल्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, आतले धागे तुटलेत. ह्याला पॅच नाही. हा असाच फुटणार, कधी ते देव जाणे."
पुढची गंमत म्हणजे त्या साइझचा टायर तालुक्याला कुणाकडेच नाही. रत्नागिरीत एकाकडे 'उद्या येईल' होता, तो तिसऱ्या दिवशी आला. गणपती आले आणि गाडी दारात ठेवून आम्ही आरतीला रिक्षाने.
साइडवॉल ही खड्ड्याची उशी आहे. करवीरकरांची उशी १३२ मिमीची आहे, ती १०७ ची होणार. बिनधास्त, तुमची ९२.

बिनधास्त_१७
हवा कमी असणार टायरमध्ये. लो प्रोफाइलला (कमी साइडवॉलच्या टायरला) हवा दर आठवड्याला बघावी लागते.

भटकभवानी
निघायच्या दिवशी सकाळी भरली होती. पण दर आठवड्याला बघावी लागते हे तुम्हीच म्हणालात, त्यातच सगळं आलं. :)

स्टेपनी
माझ्या नावाचा धागा असून मला कुणी विचारलं नाही! करवीरकर, डिकीतली स्टेपनी १४ इंचीच राहणार. उंचीत मिलिमीटरचाच फरक, त्यामुळे पंक्चर झाल्यावर घरापर्यंत यायला काही अडचण नाही. पण बाहेरच्या अलॉयचे नट बरेचदा वेगळे असतात, टोकाचा निमुळतेपणा आणि लांबी दोन्ही वेगळी. लोखंडी डिस्कला ते नीट बसतील याची खात्री नाही. जुने १६ नट टाकून देऊ नका, पिशवीत घालून डिकीत ठेवा. आमच्या काकांना हे पन्हाळ्याच्या पायथ्याशी रात्री साडेनऊला कळलं.

जुनं_खोड
रच्याकने, म्हणजे रस्त्याच्या कडेने (या धाग्यावर हा शब्द पहिल्यांदा शोभला), लहानपणी आमच्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना बघायचो. सुतार लाकडी चाक करायचा, लोहार लोखंडी पट्टीची धाव. ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या रिंगणात ठेवून लाल केली की ती फुलायची. मग चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाचे घाव घालायचे आणि लगेच पाणी. चर्र आवाज व्हायचा, वाफेत कुणी कुणाला दिसायचं नाही, आणि थंड होताना धाव आवळली की चाकाचे सगळे सांधे कटकट वाजत बसायचे. धाव सैल झाली तर चाक खिळखिळं, फार घट्ट झाली तर आरे वाकणार. लोहार सुतळीने घेर मोजायचा, कागद नाही की पेन्सिल नाही.
पुढे वडिलांनी फियाट घेतली, ५.२०-१४ टायरची. तेव्हा दुकानात 'फियाटचा टायर द्या' म्हटलं की झालं. तुमच्यासारखे तीन तीन आकडे पाठ करावे लागत नव्हते.

अतरंगी_पंक्चर
काका, या पोस्टवर वेगळा धागा काढा ना. इथे टायरच्या गर्दीत बैल हरवेल.

थारवेडा
सगळे रिम मोठं करायच्या मागे का लागलेत? आम्ही उलटे. थारला २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ दोन्ही येतात. शोरूममध्ये १८ दिसायला भारी, पण चिखलात आणि दगडात जाणारे १६ च शोधत असतात. साइडवॉल जितकी जास्त तितकी हवा कमी करून टायर पसरवता येतो. वाळूत आम्ही १८ पीएसआयपर्यंत उतरवतो. लो प्रोफाइलमध्ये तेवढी हवा काढली तर रिम थेट दगडावर.

मीच_तो
पण मग कंपनी स्वतः कशी दोन साइझ देते? क्रेटाला २०५/६५ आर १६ पण आहे आणि २१५/६० आर १७ पण. वरच्या सूत्राने काढलं तर ६७२.९ आणि ६८९.८, अडीच टक्के फरक! त्यांना चालतं, आम्हाला का नाही?

गणिताचे_सर
कारण कंपनी प्रत्येक साइझसाठी गाडी तपासते आणि स्पीडोमीटर त्यानुसार लावते. आपण तोच काटा ठेवून नुसतं चाक बदलतो.
अ‍ॅव्हरेजचंही सांगून टाकतो, कारण 'मोठे टायर लावले आणि अ‍ॅव्हरेज पडलं' ही तक्रार कायम असते. समजा कुणी १८५/६५ आर १५ (६२१.५ मिमी) काढून १९५/६५ आर १५ (६३४.५ मिमी) लावले. चाक २.१ टक्के मोठं झालं. गाडी १०२ किमी जाते आणि ओडोमीटर १०० च दाखवतो. टाकी ते टाकी हिशोब केला की अ‍ॅव्हरेज २ टक्के कमी दिसणार, गाडीने एक थेंबही जास्त प्यायलेला नसताना. खरी घट त्याच्या वरची. ती रुंद टायरच्या घर्षणाची आणि चाकाच्या वजनाची.
टायरोबांचा ऑफसेटचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, हे मान्य.

श्टुटगार्टची_वहिनी
आमच्याकडे जर्मनीत हा प्रश्न वर्षातून दोनदा येतो. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, पुढे उन्हाळी, अशी इथली रीतच आहे. बर्फात हिवाळी टायर लागतातच, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात. आमची गाडी उन्हाळ्यात २२५/५० आर १७ वर आणि हिवाळ्यात २०५/६० आर १६ वर पळते. उंची जवळपास तीच, टायर अरुंद. अरुंद टायर बर्फाचा चिखल कापत जातो, रुंद त्यावर तरंगतो.
कुठल्या साइझ चालतात ते गाडीच्या कागदांत असतं. त्याबाहेरचं रिम लावायचं तर तपासनीसाकडून मंजुरी घेऊन ते कागदावर चढवावं लागतं.
आणि हो, न वापरातली चार चाकं दुकानदार भाड्याने सांभाळतो. त्याला म्हणतात 'टायर-हॉटेल'. हे ऐकल्यापासून सासूबाई विचारतात, हॉटेलात टायर राहतात आणि आम्ही आलो की हॉलमध्ये गादी?

कलमदान
आपल्याकडेही कायदा आहे, फक्त रस्त्यावर कुणी रिम उलटं करून बघत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. बाहेरची अलॉय असतील तर विमा काढताना अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी चाकाकडेच बघतो. वरच्या व्हेरिअंटला कंपनीनेच दिलेला साइझ घेतलात तर वाद घालायला निदान आधार राहतो.
टायरवरच्या लोड इंडेक्सकडेही बघा. तुमच्या टायरवर ८५ असेल तर प्रत्येकी ५१५ किलो. त्याच्या खाली जायचं नाही.

अतरंगी_पंक्चर
५१५ गुणिले चार. सासुरवाडीची मंडळी दोन खेपांत न्या.

करवीरकर
उशिराबद्दल क्षमस्व, दोन रविवार गेले. टायरोबा म्हणाले तसं रिम उलटं करून वाचलं. मेहुण्याचं: १६ x ७ जे, ईटी ३८, मधलं भोक ७३.१. रिंग नव्हत्याच. माझं: ५ जे, ईटी ४५. उचलूनही बघितली. माझं चाक एका हाताने उचललं, त्याच्याला दोन हात आणि एक 'आई गं' लागलं.

टायरोबा
मग करा हिशोब. तुमचं रिम ५ इंच म्हणजे १२७ मिमी, निम्मं ६३.५. त्यातून ४५ वजा, हबच्या बाहेर १८.५ मिमी. मेहुण्याचं रिम ७ इंच, त्याचं निम्मं ८८.९, वजा ३८, बाहेर ५०.९. म्हणजे रिमची कड ३२ मिमी बाहेर येणार. आतल्या बाजूलाही १८ मिमी शॉकअपकडे सरकणार. उंची तीच असून चाक दोन्हीकडे पसरलं. मागे माणसं बसली आणि स्पीडब्रेकर आला की मडगार्डच्या ओठाला लागणार. शिवाय बेअरिंगवर ताण, आणि खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देणार.
नका लावू.

करवीरकर
टायरोबा, तुमची पोस्ट वाचेपर्यंत लावून झाली होती. :(
काल रविवारी जोतिबाला गेलो. मी, बायको, सासूबाई, दोन पोरं. मागे तिघं. हायवेला ८५ ला स्टीअरिंग गुरगुरायला लागलं, ९५ ला डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागला. डोंगर चढताना वळणावर खर्रर्र. सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी ओढत नेताय का?" मी म्हटलं, खडी असेल.
वर पार्किंगमध्ये उतरलो. गुलालाने गाडी सगळीकडून गुलाबी. मागच्या चाकाच्या कमानीत वाकून बघितलं तर आतल्या ओठावर बोटभर रुंदीची पट्टी, गुलाल नाही, रंग नाही, नुसता चकचकीत पत्रा. खाली टायरच्या खांद्यावर काळा भुगा. उतरताना सासूबाईंना पुढे बसवलं आणि वीसच्या वर गेलो नाही.
घरी आल्यावर बायकोने न विचारता भावाला फोन केला आणि म्हणाली, "तुझी चाकं घेऊन जा." माझ्याकडे बघितलंही नाही.

भटकभवानी
आता खरं उत्तर: तुमच्याच गाडीच्या झेडएक्सआयला १५ इंची अलॉय आणि १८५/६५ आर १५ टायर येतात ना? उंची ६२१.५. ऑफसेट, भोक, नट सगळं कंपनीचं. साइडवॉल १२०. टायर कुठल्याही तालुक्याला मिळेल. सेकंडहँड सेट शोधा. नवे टायरही २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ टक्के झाल्याने जरा परवडतील.

टायरोबा
हेच लिहायला आलो होतो. फक्त सेकंडहँड रिम घेताना आधी मशीनवर फिरवून वाकलंय का बघा, आणि आतून वेल्डिंगचा वळ दिसला तर घेऊ नका. लोखंडी डिस्क ठोकून सरळ होते, अलॉय तडकतं. टायरही सेकंडहँड असतील तर कडेचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तसला दिला तर हात जोडून परत करा.

बिनधास्त_१७
करवीरकर, माझ्या झेडएक्सआयची कंपनीची चारही १५ इंची अलॉय माळ्यावर पडून आहेत, तीन वर्षं. एक ओरखडा नाही. आई रोज विचारते कधी हलवणार. पुढच्या शनिवारी कोल्हापूरला लग्नाला येतोय, डिकीत घालून आणतो. पैशाचं व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) बोलू. तांबडा-पांढरा धरूनच बोलू.

अतरंगी_पंक्चर
थांबा. बिनधास्त, खरं सांगा, १७ इंचीवर कोल्हापूरपर्यंत यायची भीती वाटते ना?

बिनधास्त_१७
हळू येणार. हलके घ्या.

करवीरकर
अपडेट: शनिवारी बसवली. नवे १८५/६५ आर १५ टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. एका रिमला ३५ ग्रॅम वजन लागलं, बाकी तिन्ही दहाच्या आत. १०० ला गणपती गप्प. वळणावर १४ पेक्षा नक्की घट्ट वाटते, खड्ड्यात किंचित कडक. अ‍ॅव्हरेज दोन टाक्यांनंतर सांगतो. मडगार्डच्या ओठाला रंग मारून घेतला, पत्रा उघडा राहिला तर आमच्या पावसात गंज नक्की.
बिनधास्तांनी तांबड्याच्या सहा वाट्या रिचवल्या. हिशोब पूर्ण.

स्टेपनी
जुने नट?

करवीरकर
तेच १६ नट परत लागले. कंपनीच्या रिमला कंपनीचे नट.

नवखा_चालक
नमस्कार, इथे नवीन आहे. सगळा धागा वाचला नाही. ती मेहुण्याची १६ इंची अलॉय अजून आहेत का? माझ्या वॅगन आरलाही चारच नट आहेत.

टायरोबा
सगळा धागा वाचा.